खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत

४ मार्च

वहिनींना शिट्टीचा नमस्कार.

शाळेतली पोरं मला माझ्यामागे शिट्टी म्हणायची हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हीही म्हणायचात हे मला माहीत आहे, तेव्हा आता समोरासमोर म्हणायला हरकत नाही.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण जन्मभर मैदानावर शिट्ट्या फुंकून माझे कान कामातून गेले आहेत. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि तुम्ही मुळात अर्धंच बोलता. हाती काही लागत नाही.

तुमच्या चिरंजीवांनी मला सगळं सांगितलंय, तेव्हा लपवाछपवी नको. साखर वाढली, रक्तदाब वाढला, ईसीजी काढावा लागला, जिना चढताना मधल्या वळणावर तुम्ही कठड्याला धरून उभ्या राहता. आणि सकाळी एकदा आवरलं की दिवसभर दादाच्या खुर्चीत बसून असता. काडीसारख्या होतात तुम्ही! घरात तुमचा पाय कधी ठरत नव्हता. दादा जाऊन आठ महिने झाले आणि तुम्ही त्याची जागा घेऊन बसलात?

मला त्या खुर्चीचा राग आहे हे उघडच सांगते. माझ्या भावाचा सगळा जन्म बसण्यात गेला. दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसला, दुकान बंद केल्यावर घरी टेबल मांडून त्या खुर्चीत बसला. पहिला झटका आला तेव्हा डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, अधूनमधून उठत जा, दोन पावलं टाकत जा. ऐकलं का? नाही. शेवटी त्याच खुर्चीत गेला. आणि तुम्ही तिथेच बसता. कशा बसता हो?

सविस्तर उत्तर हवं आहे. "बरी आहे" एवढ्यावर मी भागवून घेणार नाही.

तुमची,
नणंद

१२ मार्च

वन्सं,

पत्र मिळालं. पाठ ताठ ठेवून वाचलं. तुमचा धाक अजून गेलेला नाही.

चिरंजीवांनी सांगितलं ते खरं आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, रागावत नाहीत. त्या सांगतात, मी मान हलवते. गोळ्या घेते.

कशी बसते, विचारता. बसते. जेवायला उठते आणि पुन्हा बसते. खिडकीतून समोरचं औषधांचं दुकान दिसतं. त्याचं शटर वर जातं आणि खाली येतं. मधल्या वेळात काय होतं ते मला सांगता येणार नाही.

तुम्हाला वाटत असेल, दुःखानं बसलीय. तसं काही नाही हो. रडू येत नाही. तेव्हाही आलं नाही. सगळे रडत होते, मी सगळ्यांना पाणी देत होते. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं आहे. दुखत नाही, हे एक बरं.

मी उभी राहून आयुष्य काढलं, वन्सं. कापडाच्या दुकानात काउंटरच्या मागे स्टूलच नव्हतं. बसलेला माणूस आळशी दिसतो, असं मालकांचं म्हणणं. घरी आले की ह्यांचं. ह्यांना हाक मारायची सवय नव्हती. हातातल्या चिमट्यानं टेबलावर टकटक करायचे. एकदा केली की पाणी. दोनदा केली की चहा. थांबेचना, तर चष्मा सापडत नाही, आणि तो कपाळावर आहे. मी जायची. ते बसायचे म्हणून मी चालायची. आता टकटक होत नाही. मग उठून जाऊ कुठे?

तुमच्या सूचना येतील त्या करून बघेन. पण उठणाऱ्यांचं सगळं बरंच होतं असंही नाही.

तुमची,
वहिनी

२० मार्च

वहिनी,

माझ्या भावाच्या घरात तारऑफिस चालू होतं आणि मला पत्ताच नाही! लाडोबा. आईनं बिघडवला आणि पुढचं तुम्ही पूर्ण केलंत.

आता नीट ऐका. उठून कुठे जाऊ, हा प्रश्न मला पोरंही विचारायची. मैदानाला फेरी मारून परत इथंच यायचं तर मारायची कशाला, म्हणायची. मी म्हणायची, मारून ये, मग सांगते. परत आल्यावर कुणी विचारायचं नाही.

बसलं की पोटऱ्या झोपतात. पोटरी झोपली की रक्त वर ढकलायचं काम हृदयावर एकट्यावर पडतं, आणि जेवणातली साखर रक्तात रेंगाळत राहते. आपल्या वयात तर फारच. हे माझ्या पदरचं नाही, डॉक्टरीणबाईंना विचारा. आणि सकाळी एकदा तरातरा फिरून आलं, मग दिवसभर खुशाल बसलं, असंही चालत नाही. बसणं मधेमधे मोडायला लागतं. टीव्हीवर जाहिरात लागली की उभं राहायचं. जेवण झालं की ताट ठेवून घरातल्या घरात येरझाऱ्या घालायच्या, लगेच टेकायचं नाही. आणि संध्याकाळी त्या कोपऱ्यावरच्या बागेत जायचं. एकट्यानं जायला लाज वाटत असेल तर डोकं दुखतंय म्हणून जा. पण जा.

उठणाऱ्यांचं बरं होतं असं नाही, म्हणता? बसणाऱ्याचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलंय.

तुमची,
शिट्टी

९ एप्रिल

वन्सं,

बागेत जाते आहे. दोन आठवडे झाले. कसं ते सांगते, कारण तुम्ही सविस्तर मागता.

पहिल्या दिवशी फाटकापाशी गेले आणि पाय पुढे जाईना. थकवा नव्हता. हातांचं काय करायचं ते कळेना. आजवर मी रिकाम्या हातानं कधी चाललेच नाही. हातात ताट, नाहीतर कापडाचा तागा, पिशवी, पेला, काहीतरी असायचंच. नुसतं चालायचं म्हणजे चोरासारखं वाटलं. तशीच परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

तिसऱ्या दिवशी घरातून पाण्यानं भरलेला पेला घेऊन गेले. मग चालता आलं. काठोकाठ पेला सांडू न देता नेणं माझ्या पायांना माहीत आहे. एक फेरी झाली. शेवटी पाणी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून एका झाडाच्या मुळाशी ओतलं.

तिथे एक निवृत्त स्टेशनमास्तर येतात. आठवडाभर माझ्याकडे बघत होते. मग जवळ येऊन म्हणाले, "बाई, हा कुठला नवीन प्रकार? चांगला दिसतोय. मान सरळ राहते, चाल एकसारखी राहते." मी म्हटलं, प्रकार नाही, सवय आहे. त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा पेला घेऊन आले. आता पाचसहाजण पेले घेऊन चालतात. एकजण म्हणतात, अर्धा भरला तर नवशिक्या, पूर्ण भरला तर तरबेज. बागेचा माळी खूश आहे.

हे हसण्यासारखं आहे हे मला कळतं. हसू आलं नाही एवढंच.

जेवल्यावरही येरझाऱ्या घालते. साखर खाली आली. जिन्याच्या वळणावर आता थांबावं लागत नाही. डॉक्टरीणबाईंना आनंद झाला. मी रिपोर्ट घडी करून ठेवला. बाकी वेळ बसते, पण मधेमधे उठते.

तुमची,
वहिनी

१६ एप्रिल

वहिनी,

शेजारीण काय झालं म्हणत धावत आली, इतकी मी मोठ्यानं हसले. काठोकाठ पेला! माझ्या अख्ख्या नोकरीत मला हे सुचलं नाही. शर्यतीत चमच्यावर लिंबू ठेवून पोरांना पळवलं, पण म्हाताऱ्यांच्या हातात पेले द्यायचं डोक्यात आलं नाही. स्टेशनमास्तरांना माझा नमस्कार सांगा.

आता एकच राहिलं. ती खुर्ची काढून टाका. भंगारात द्या, कुणाला फुकट द्या. ती समोर असली की तुम्ही बसणारच.

तुमची,
शिट्टी

२५ एप्रिल

वन्सं,

खुर्ची काढणार नाही. तिचा काही दोष नाही. बाकी सगळं तुमचं ऐकते आहे, हे एक सोडा.

तुमची,
वहिनी

२ मे

वहिनी,

दोष नाही म्हणजे काय? आता बोलतेच. पहिल्या झटक्यानंतर मी दादाला दर आठवड्याला पत्र लिहीत होते. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच शब्द असायचा, "ऊठ." तो उत्तरात इकडचं तिकडचं लिहायचा, थट्टा करायचा. उठल्याचं एकदाही लिहिलं नाही. साऱ्या गावाची पोरं मी उठवली आणि माझा सख्खा भाऊ मला उठवता आला नाही. तो खुर्चीत गेला हे कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं. अजूनही रोज येतं.

तुम्हाला ती त्याची आठवण वाटत असेल. मला ती खुर्ची म्हणजे माझी हार वाटते. राग आला असेल तर येऊ दे.

शिट्टी

१८ जून

वन्सं,

मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही. खुर्चीवरून रागावला असाल तर तसं लिहा. चिरंजीवांना विचारलं तर विषय बदलतात. काय झालंय?

वहिनी

६ जुलै

वहिनी,

तुमच्या चिरंजीवांना मीच बजावलं होतं, सांगू नकोस म्हणून. मे महिन्यात मला झटका आला. कुठे आला ते ऐका. रस्त्यावर. सकाळी फिरताना. ताठ मानेनं, हात हलवत, लोकांना दिसावं म्हणून जरा जास्तच झपाझप. एका रिकाम्या हातगाडीला धरून खाली बसले. लोकांनी दवाखान्यात नेलं. शीर उघडून आत स्टेंट बसवला. आता घरी आहे.

डॉक्टर म्हणतात, तुम्ही इतकी वर्षं चाललात म्हणून वाचलात. मी म्हटलं, इतकी वर्षं चालले तर आला कसा? ते म्हणाले, वय असतं, वडिलांकडून आलेलं असतं, सगळं काही चालण्याच्या हातात नसतं. हे मी पोरांना कधी सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

आता म्हणतात, चालायला लागा. आधी खोलीतल्या खोलीत, मग अंगणात, मग फाटकापर्यंत. मी जात नाही. वहिनी, मला भीती वाटते. पाय खाली टेकवला की छातीत काय होतंय इकडेच लक्ष जातं. न्हाणीघरात जाते आणि परत खाटेवर येते. शेजारीण सगळं हातात आणून देते आणि मी घेते. महिना होऊन गेला. डॉक्टर परवा चिडले, असंच पडून राहिलात तर हृदय आणखी दमेल, म्हणाले. मी भिंतीकडे तोंड केलं.

माझी पत्रं फाडून टाका. मी लोकांना काय काय सांगत फिरले.

तुमची,
नणंद

११ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं. धीर द्यायचं मला जमत नाही, ते तुमचं काम. एक गोष्ट सांगते. कुणाला सांगितलेली नाही, कारण कुणी विचारलं नाही आणि मला तोंड उघडवत नव्हतं.

हे खुर्चीत गेले नाहीत.

तुमच्या पत्रांवर हे हसायचे, ते खरं. पण जाण्याआधी महिना-दीड महिना त्यांनी एक जुनं गजराचं घड्याळ दुरुस्त करून टेबलावर ठेवलं. ते वाजलं की "आली शिट्टी" म्हणायचे आणि गुडघ्यांवर हात टेकून उठायचे. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचे आणि मला विचारायचे, "तुला काही हवंय?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला उत्तर देता यायचं नाही. काय हवंय, तेच आठवायचं नाही. मग तहान नसताना पाणी मागायची. ते द्यायचे, निम्मं माझ्या पायावर सांडायचं. टकटक बंद झाली होती. पुढे पुढे जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन यायला लागले. तुम्हाला कळवू का विचारलं तर म्हणाले, "इतक्यात नको, मिरवणूक काढेल ती. पुढच्या वेळी आली की तिला आणायला मी चालत स्टेशनवर जाईन, तेव्हा तिचं तोंड बघायचंय."

त्या दिवशी दुपारी गजर झाला. म्हणाले, "आज चहा मी करतो. तू इथे बस." आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. मी तिच्यात कधी बसले नव्हते. आतून भांडी पडल्याचे आवाज यायला लागले तशी मी उठले, तर ओरडले, "बस म्हटलं ना!" कप दोन्ही हातांत धरून आले. मी एक घोट घेतला. "कसा झालाय?" म्हणाले. आणि टेबलाला धरून खाली बसले. मी कप ठेवीपर्यंत संपलं होतं.

शेजारच्यांनी उचलून खुर्चीत बसवलं. डॉक्टर आले तेव्हा हे खुर्चीत होते. तुम्ही आलात तेव्हा सगळ्यांच्या तोंडी खुर्चीच होती. मी काही बोलले नाही.

बस म्हणाले होते, म्हणून मी बसले आहे. दुसरं कारण नाही.

उठायला लागले आणि गेले, असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं. तुमचं पत्र आल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शीर आधीच भरत आलेली असणार, चार पावलांनी माणूस जात नाही, उलट आधी उठायला लागले असते तर बरं झालं असतं. खरं काय ते मला कळत नाही. पण बसूनच राहिले असते तर कदाचित त्याच दिवशी बसल्या बसल्या गेले असते, आणि मला कुणी काही विचारलं नसतं.

चालणारा माणूस मरत नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या पत्रांनी तुमचा भाऊ उठला होता, एवढं खरं आहे. पत्रं मी फाडणार नाही.

वहिनी

१७ जुलै

वहिनी,

मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे.

वर्षभर मी एका लाकडाच्या खुर्चीला शिव्या घातल्या! वर्षभर स्वतःला खात बसले! आणि तो उठत होता. भिंतीला धरून का होईना, उठत होता, माझं नाव घेऊन उठत होता, आणि मला कुणी सांगितलं नाही! तुम्ही माणूस आहात की भिंत? तुमचं पत्र हातात घेऊन तुमच्याशी भांडत भांडत मी किती पुढे गेले ते मला कळलंच नाही. भानावर आले तेव्हा फाटकाची कडी हातात होती. मागून शेजारीण चपला घेऊन धावत येत होती. छाती धडधडत होती. चालल्यामुळे की तुमच्यामुळे, ते ठरवता येईना. तिथेच उभी राहिले. काही झालं नाही. परत आले आणि खाटेवर बसून हमसून हमसून रडले.

काल पुन्हा फाटकापर्यंत गेले. भीती वाटते, वहिनी. तरी गेले. आज जाईन.

माझा दादा चहा करत होता! त्याला आयुष्यात चूल पेटवताना कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही. त्यानं तुम्हाला विचारलं, कसा झालाय. तुम्ही काय म्हणालात? कसा झाला होता? ते तेवढं लिहा. तेवढ्याकरता तुम्हाला माफ करते.

तुमची,
शिट्टी

२१ जुलै

वन्सं,

गुरुवारच्या गाडीनं तुमच्याकडे येते. चिरंजीवांना कळवलं आहे. तुम्ही भांडायचं ते समोर भांडा.

चहा वाईट झाला होता. पाणी जास्त, पावडर कमी, दूध करपलेलं. साखर ओंजळभर घातली होती, दोघांनाही डॉक्टरांनी बंद केलेली असताना. मी काहीच म्हणाले नाही. वेळच मिळाला नाही. कप तसाच टेबलावर होता, दुसऱ्या दिवशी कुणीतरी विसळून ठेवला.

तुमचं पत्र वाचलं आणि मी उत्तर मोठ्यानं दिलं. घरात कुणी नव्हतं. मग रडू आलं. ते अजून थांबत नाही, अक्षर खराब येतंय, म्हणून एवढंच लिहिते.

मी त्यांना छान झालाय असंच सांगणार होते.

तुमची,
वहिनी